पाऊस लागला की एसडब्ल्यूआर चढतो: गच्चीवरच्या अँटेनाची तपासणी, खालून वर

हॅम रेडिओवर एसडब्ल्यूआर म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो, अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे उत्तम. मे महिन्यात १.३ दाखवणारा मीटर जूनच्या मध्यावर ३ वर जातो, रिग (रेडिओ संच) आपणहून पॉवर खाली आणतो आणि मग पक्कड घेऊन अँटेनाची लांबी कमी-जास्त करायचा मोह होतो. ते करू नका. तारेची किंवा नळीची लांबी पावसाने बदललेली नसते. भर पावसात कापून जुळवलेला अँटेना ऑक्टोबरात ऊन पडलं की भलत्याच फ्रीक्वेन्सीला जाऊन बसतो. दोष बहुतेक वेळा एखाद्या सांध्यात असतो, आणि सर्वांत जास्त वेळा केबल अँटेनाला जोडणाऱ्या वरच्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये. तरीही वर चढणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

लक्षणं

पाऊस सुरू झाल्यावर मीटर कसा वागतो यावरूनच निम्मं निदान होतं. म्हणून दोन-तीन दिवस नुसतं बघा आणि लिहून ठेवा.

सर सुरू होताच काही मिनिटांत एसडब्ल्यूआर चढतो आणि ऊन पडल्यावर तासाभरात उतरतो. इथे पाणी बाहेरच्या बाजूला आहे: ओली फांदी, फीड पॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते त्या जागी) साचलेले थेंब, इन्सुलेटरवरचा धुळीचा नाहीतर मिठाचा थर.

पाऊस थांबला तरी दोन-तीन दिवस चढलेलाच राहतो आणि मग हळूहळू खाली येतो. पाणी कनेक्टरच्या किंवा बालुनच्या (केबल आणि अँटेना यांची जुळणी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) डबीच्या आत शिरलंय आणि वाळायला वेळ घेतंय.

वाऱ्याच्या झोताबरोबर आकडा उड्या मारतो, रिसिव्हरमध्ये करकर येते. पाण्यापेक्षा सैल सांधा किंवा तुटत आलेली केबलची जाळी असण्याची शक्यता जास्त.

बँडभरातली सगळ्यात खालची जागा, म्हणजे आलेखातली दरी, तशीच खोल आहे पण थोडी खालच्या फ्रीक्वेन्सीला सरकली आहे. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार भिजली की ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) वीसेक किलोहर्ट्झ सरकू शकते. एवढ्यासाठी काहीही करायची गरज नाही.

आता सर्वांत फसवं लक्षण. एसडब्ल्यूआर पूर्वीपेक्षा चांगला आहे, सगळ्या बँडभर सपाट आहे, पण नेहमीचा रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन) उघडत नाही आणि दूरची स्टेशनं मंद झाली आहेत. हा अँटेना सुधारलेला नाही. पाणी प्यायलेली कोॲक्स केबल (मधे तार, तिच्याभोवती धातूची जाळी) तुमची पॉवर जाताना खाते, परत येणारी पॉवरही वाटेत खाते, आणि मीटरपर्यंत काहीच परत पोचत नसल्यामुळे मीटर खूश असतो. लांबलचक ओली केबल म्हणजे डमी लोडच, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध. मीटरचा आकडा उत्तम म्हणून वर्षानुवर्षं अशी केबल वापरत राहणारे बरेच आहेत.

तपासणी १: खोलीतल्या खोलीत, खर्च शून्य

ट्यूनर (रिग आणि केबलची जुळणी करणारी पेटी) मध्ये असेल तर त्याला बायपासवर टाका. ऑटो ट्यूनर जुनी जुळणी लक्षात ठेवून बसतो आणि खरा आकडा झाकतो. पॉवर ५ ते १० वॅटवर आणा. मीटर त्या बँडसाठीच आहे ना, हेही बघा. ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा मीटर १४५ मेगाहर्ट्झला काहीही आकडा दाखवू शकतो.

मग रिग आणि मीटर यांच्यामधली, आणि मीटरपासून पुढची छोटी जोडकेबल तशाच ठेवून, पुढच्या जोडकेबलच्या टोकाला गच्चीकडच्या केबलऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावा. एसडब्ल्यूआर १.१ ते १.२ च्या आत यायला हवा. कनेक्टरपाशी केबल हलवून बघा. आकडा हलला तर दोष इथेच आहे, गच्चीवर जायचं कारण नाही. या जोडकेबल रोज वळतात, खेचल्या जातात, आणि त्यांची जाळी कनेक्टरच्या तोंडाशी तुटते. पावसाशी संबंध नसलेला हा दोष पावसाळ्यातच लक्षात येतो, कारण एरवी मीटरकडे कोणी बघत नाही.

लाइटनिंग अरेस्टर (विजेपासून बचावासाठी केबलमध्ये बसवलेला भाग) लावला असेल तर तो तात्पुरता बाजूला करून केबल थेट जोडून बघा. आतली गॅस ट्यूब एखाद्या जवळच्या विजेनंतर खराब होते. बाहेरच्या भिंतीवर बसवलेल्या अरेस्टरमध्ये पाणीही शिरतं. मोजून झालं की अरेस्टर परत जोडायला विसरू नका.

तपासणी २: डोळे आणि दुर्बीण

गच्चीवर किंवा अंगणात उभं राहून बघा. डायपोल (मधे केबल जोडलेली, दोन बाजूंना पसरलेली तार) किंवा इन्व्हर्टेड व्हीच्या (उलट्या व्हीसारख्या उतरत्या डायपोलच्या) टोकांकडे आधी नजर टाका, मधल्या भागाकडे नंतर. टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, त्यामुळे टोकाला टेकलेली आंब्याची एक ओली डहाळी मधल्या भागाजवळच्या अख्ख्या फांदीपेक्षा जास्त गोंधळ घालते. एप्रिलमध्ये तारेपासून हातभर दूर असलेली फांदी जुलैपर्यंत तारेला येऊन भिडते. शेवाळलेल्या कठड्यावर लोळणारं टोक, पत्र्याच्या शेडवर आलेली तार, भिजून सैल पडलेली आणि तारेला झोळ देणारी दोरी हे सगळं इथेच कळतं. फांदी छाटण्याआधी ती विजेच्या तारेजवळ नाही ना, हे बघा.

मग केबल वरपासून खालपर्यंत नजरेने उतरवा. खिडकीतून आत येण्यापूर्वी तिला खाली झुकलेला वळसा हवा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाला ठिबकून जातं. वळसा नसेल तर पाणी केबलवरून सरळ कनेक्टरपर्यंत, कधी थेट टेबलावर येतं. आवरणावरच्या भेगा, पत्र्याच्या कडेवर घासलेली जागा, उंदीर-खारींनी कुरतडलेला भाग शोधा. कोकणात आणि घाटमाथ्यावर माकडं केबलला लोंबकळतात. तिथे कनेक्टरवरचा ताण तपासायला हवा. केबल मास्टला (अँटेनाच्या खांबाला) दर अर्ध्या-पाऊण मीटरवर बांधलेली असावी आणि तिचं वजन कनेक्टरवर येता कामा नये.

तपासणी ३: मल्टीमीटर

आकाशात गडगडाट नसताना, केबल रिगपासून सोडवून, आधी तिची मधली तार आणि बाहेरची जाळी क्षणभर एकमेकांना टेकवा. लांब तारेवर स्थिर विद्युतभार साठतो आणि तो मीटरला, विशेषतः नाजूक ॲनालायझरला (अँटेना आणि केबल तपासायच्या छोट्या उपकरणाला) मारक ठरतो.

आता मधली तार आणि जाळी यांच्यामधला रोध मोजा. किती यायला हवा, ते अँटेनावर अवलंबून आहे. साधा डायपोल किंवा १:१ करंट बालुन लावलेला डायपोल असेल तर मार्ग खुला दिसायला हवा. स्लिम जिम, जे-पोल, फोल्डेड डायपोल हे अँटेना आणि ४:१ व्होल्टेज बालुन यांत आतून जोड असतो, त्यामुळे जवळजवळ शून्य ओहम येणं बरोबर आहे. हे माहीत नसल्यामुळे चांगला जे-पोल 'शॉर्ट' म्हणून टाकून दिल्याची उदाहरणं आहेत.

खुल्या असायला हव्या त्या जागी काही किलोओहम दिसत असतील आणि मल्टीमीटरच्या दोन्ही वायरी उलटसुलट केल्यावर आकडा बदलत असेल, तर आत पाणी आहे असं धरून चला. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल म्हणजे छोटा सेलच तयार होतो. मीटर मिलिव्होल्टवर टाकलात तर तो कधी कधी व्होल्टेजही दाखवतो.

आतून जोड असलेल्या अँटेनात ही चाचणी पाण्याबद्दल फारसं सांगत नाही. तिथे शून्याऐवजी बरेच ओहम आले तर एखादा सांधा गंजलाय, एवढंच कळतं.

तपासणी ४: केबल किती पॉवर खाते

ॲनालायझर स्वतःचा नसेल तर उसना आणा. नॅनोव्हीएनए हा छोटा ॲनालायझर पुरेसा आहे. मोजण्यापूर्वी ओपन, शॉर्ट आणि लोड लावून कॅलिब्रेट करा. न करता घेतलेल्या आकड्यांना अर्थ नाही.

उत्तम पद्धत म्हणजे केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवायचं आणि खालून एसडब्ल्यूआर मोजायचा. मोकळ्या टोकावरून सगळी पॉवर परत येते. खाली जेवढी कमी पोचते तेवढी केबलने खाल्ली. रिटर्न लॉस (परत आलेली पॉवर पाठवलेल्यापेक्षा किती डीबीने, म्हणजे डेसिबलने, कमी) जो दिसेल त्याच्या निम्मा हा केबलचा एकेरी लॉस. म्हणजे इथे एसडब्ल्यूआर जितका वाईट, तितकी केबल चांगली!

१४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-२१३ (जाड कोॲक्स) साधारण अडीच ते पावणेतीन डीबी खाते, त्यामुळे मोकळ्या टोकाला एसडब्ल्यूआर ३ ते साडेतीनच्या आसपास दिसायला हवा. तोच १.५ दिसला तर रिटर्न लॉस १४ डीबी, म्हणजे एकेरी लॉस ७ डीबी. ५० वॅटपैकी वर दहाच वॅट पोचताहेत. ७ मेगाहर्ट्झला याच केबलचा आकडा १५ च्या आसपास किंवा वर हवा. ५ आला तर केबल गेली. आणि ३० मीटर आरजी-५८ (पातळ कोॲक्स) कोरी करकरीत असली तरी १४५ ला सुमारे ६ डीबी खाते, मोकळ्या टोकालाही १.७ दाखवते. एवढ्या लांबीला दोन मीटर बँडवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) ती लावायचीच नाही. तिच्यावरचा 'छान' एसडब्ल्यूआर कधीच खरा नसतो.

वरचं टोक सोडवता येत नसेल तर एक उपाय आहे. अँटेना जोडलेलाच ठेवा आणि त्याच्या बँडपासून दूरच्या फ्रीक्वेन्सींवर ॲनालायझर फिरवा. दोन मीटरच्या अँटेनासाठी १०० ते २०० मेगाहर्ट्झ घ्या. अँटेना जिथे अजिबात जुळत नाही तिथे एसडब्ल्यूआर खूप वर जायला हवा. कुठेच २ च्या वर जात नसेल तर केबल संशयित. अँटेनाही थोडी पॉवर घेतोच, म्हणून या रीतीने मिळणारा लॉस हा जास्तीत जास्त एवढा असेल, असा धरायचा. हे फक्त ॲनालायझरने करा, त्याची पॉवर नगण्य असते. रिगने बँडबाहेर ट्रान्समिट करणं बेकायदा आहे.

नॅनोव्हीएनएमधली अंतर मोजायची सोयही इथे उपयोगी पडते. केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर (लहरीचा केबलमधला वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट) भरायचा: भरीव पॉलिथिनच्या केबलला ०.६६, फोमच्या केबलला साधारण ०.८ किंवा उत्पादकाने दिलेला आकडा. दोष ४ मीटरवर दिसतोय की २९ मीटरवर, एवढं कळलं तरी मास्ट खाली आणायचा की नाही ते ठरतं.

इथे थांबायचं का?

पुढच्या सगळ्या कामांसाठी मास्ट खाली आणावा लागतो, म्हणून आधी मास्टकडे बघा. खालीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः हात घालू नका.

मास्ट किंवा अँटेना पडला तर विजेच्या तारेपर्यंत पोचू शकेल अशी जागा. मास्टच्या उंचीच्या दीडपट अंतरात वीजवाहिनी असेल तर ती बंद करून घेतल्याशिवाय काम करायचं नाही. अँटेना आधीच तारेवर टेकला असेल तर मास्ट, ताणतारा (मास्टला बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारा), केबल कशालाही हात न लावता, इतरांनाही लांब ठेवून वीज कंपनीला कळवा.

जीआय पाइपचा बुंधा गंजलेला. पाइप बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ झालेला असू शकतो, कारण वरून शिरलेलं पाणी तळाशी साचतं. हातोडीने हलकेच ठोकत खालून वर जा. खणखणीत आवाज अचानक बद्द झाला तर तिथे जाडी उरलेली नाही. असा मास्ट उतरवताना बुंध्यातच मोडतो.

ताणतारेचे पीळ सुटलेले, टर्नबकल जाम झालेले, किंवा कठड्यातल्या अँकर बोल्टभोवती भेग पडलेली. कठड्याचं काम स्थापत्य अभियंत्याचं आहे, नुसतं सिमेंट थापून भागत नाही.

ज्यावर चढूनच जावं लागतं असा जाळीचा टॉवर. इथे कंबरेला नुसता पट्टा नाही, तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि कायम एका हुकाने जोडलेलं राहायची सवय असलेला रिगर (उंचावर काम करणारा कारागीर) लागतो. डिश बसवायला येणारा, चप्पल काढून वर चढणारा मुलगा चालणार नाही, तो कितीही 'होतंय की' म्हणाला तरी.

डमी लोडवरसुद्धा पॉवर कमी येत असेल तर दोष रिगच्या आउटपुटमध्ये आहे. तो दुरुस्तीवाल्याकडे द्या.

आणि पाऊस, ओली गच्ची, जोराचा वारा, लांबचा का होईना गडगडाट यांपैकी काही असेल तर काम पुढे ढकला. वळवाचा आणि परतीचा पाऊस विजांच्या दृष्टीने जास्त वाईट. पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेलं दामिनी ॲप जवळपास वीज पडत असेल तर सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या.

तपासणी ५: वरचा कनेक्टर

मास्ट उतरवायला किमान तीन माणसं हवीत. ४० मिमीचा सहा मीटर जीआय पाइप एकटाच वीस किलोच्या वर भरतो, वर अँटेना. एकाने बुंधा धरायचा, दोघांनी ताणतारा सोडत आणायचं. तीनही तारा एकदम सोडायच्या नाहीत.

टेप कापून कनेक्टर उघडा. जाळी तांब्यासारखी चमकत असेल तर कनेक्टर निर्दोष. हिरवी किंवा काळी असेल तर पाणी आत गेलेलं आहे, आणि ते कनेक्टरपाशी थांबत नाही. जाळी वातीसारखं पाणी ओढते. म्हणून वाळवून, पेट्रोलने पुसून तोच कनेक्टर परत लावणं फुकट. ३० सेंटीमीटर कापा, आवरण सोलून बघा, काळं असेल तर आणखी ३०. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. दीड-दोन मीटर कापूनही काळंच असेल तर केबल बदला. फोमची केबल भरीव पॉलिथिनच्या केबलपेक्षा लवकर हरते.

पीएल-२५९ हा मुळात जलरोधक नाहीच. नवा बसवताना शक्य असेल तर अँटेनाच्या बाजूला एन कनेक्टर घ्या, त्यात रबरी रिंग असते. पीएलच वापरायचा असेल तर टेफ्लॉनचा घ्या. स्वस्त प्लॅस्टिकचे सोल्डरिंगच्या उष्णतेत टिकत नाहीत. जाळी कनेक्टरच्या भोकांतून सोल्डर करायला निदान ६० वॅटची सोल्डरगन किंवा सोल्डरिंग आयर्न हवं. २५ वॅटच्या आयर्नने पाच मिनिटं तापवत बसलात तर सोल्डर धरत नाही आणि आतलं पॉलिथिन मात्र वितळून मधली तार जाळीकडे सरकते. झाल्यावर मल्टीमीटरने शॉर्ट नाही ना ते बघा, आणि टेप लावण्याआधी एसडब्ल्यूआर मोजा. आधी गुंडाळून मग मोजणाऱ्याला सगळं पुन्हा सोलावं लागतं.

गुंडाळणं हेच खरं काम. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी करा, दमट हवेत गुंडाळलेली टेप ओल आतच कोंडते. पहिला थर साध्या चांगल्या प्रतीच्या पीव्हीसी टेपचा, पुढच्या वेळी सोलायला सोपा जावा म्हणून. दुसरा थर सेल्फ-ॲमल्गमेटिंग रबर टेपचा. तिला गोंद नसतो, ती ताणल्यावरच स्वतःला चिकटते. म्हणून रुंदी निम्मी होईपर्यंत ताणायची, प्रत्येक फेर आधीच्यावर निम्मा चढवायचा, कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना पाचेक सेंटीमीटर पुढे न्यायची. तिसरा थर पुन्हा पीव्हीसी टेपचा, कारण रबर उन्हाने तडकतं. हा थर खालून वर चढवायचा, कौलांसारखा, म्हणजे वरचा फेर खालच्यावर येतो आणि पाणी फटीत न शिरता ओघळून जातं. शेवटचे दोन फेर न ताणता. ताणून सोडलेलं टोक महिन्याभरात सुटून झेंड्यासारखं फडकतं.

सिलिकॉन लावायचंच असेल तर उत्पादनावर न्यूट्रल क्युअर लिहिलंय का बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि पाण्याआधी तेच तांबं खातं. कनेक्टरवर उलटी टांगलेली अर्धी प्लॅस्टिक बाटली ही छत्री म्हणून चांगली युक्ती आहे, फक्त तिचं खालचं तोंड बंद करू नका.

तपासणी ६: बालुनची डबी, नळ्यांचे सांधे

बालुनच्या डबीला सगळीकडून सील करूनही आत पाणी सापडतं. दिवसा तापून आतली हवा बाहेर जाते, संध्याकाळी डबी थंड झाली की ती दमट हवा आत ओढते, आणि आत दव धरतं. म्हणून तळाला ३ ते ४ मिमीचं एक भोक ठेवायचंच, त्यावर आतून बारीक जाळी लावायची, नाहीतर गांधीलमाशा घर करतात. पीव्हीसी पाइपात बसवलेल्या स्लिम जिमलाही हाच नियम: वर टोपण, खाली भोक. मास्टच्या वरच्या तोंडालाही टोपण हवं.

यागीच्या (अनेक आडव्या नळ्यांच्या अँटेनाच्या) गॅमा मॅचमध्ये, म्हणजे केबलशी जुळणी करणाऱ्या भागात, नळीत पाणी शिरलं की कपॅसिटन्स बदलतो आणि एसडब्ल्यूआर पावसागणिक हलतो. ती उघडून, वाळवून, तोंड बंद करा. ॲल्युमिनियमच्या सांध्यांवरची पांढरी भुकटी नायलॉनच्या घासणीने काढा, स्टील वूल नको, त्याचे कण रुतून गंजतात. मग अँटिऑक्सिडंट पेस्ट लावून आवळा. तांब्याची जाळी ॲल्युमिनियमवर थेट कधीच बसवू नका, मधे कथील चढवलेला लग (तारेच्या टोकाला लावायची कडी) आणि स्टेनलेस वॉशर द्या. रत्नागिरी, अलिबाग, वसई, गोव्याच्या किनाऱ्यावर ३०४ प्रतीच्या स्टेनलेसलाही डाग पडतात, तिथे ३१६ चे नटबोल्ट जादा किंमत देऊन घ्यावेत आणि टेपचा वरचा थर दर मे महिन्यात बदलावा.

मास्ट उभा करण्याआधी

अँटेना जमिनीपासून दोन-तीन मीटरवर टेकवून ठेवा, खाली ॲनालायझर जोडा, रिग नाही. एकाने बागेच्या पाइपने कनेक्टर, डबी आणि सांध्यांवर दहा मिनिटं पाणी मारायचं, दुसऱ्याने पडद्याकडे बघत राहायचं. नळ्यांवर थेंब असताना आलेख थोडा हलणारच, पण पाणी बंद करून पुसल्यावर तो जागेवर यायला हवा. आला नाही तर पाणी आत गेलंय. टेप सोला आणि पुन्हा गुंडाळा. आला तर ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झमध्ये दर ५० किलोहर्ट्झला, किंवा दोन मीटरवर १४४, १४५ आणि १४६ ला, मास्ट उभा केल्यावर एसडब्ल्यूआर मोजून तारीख घालून लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या जूनमध्ये तुलनेला हेच आकडे लागतील.